मोजून खावं की निवडून खावं?



मलिद्याचं ताट असो की शब्बाथचं जेवण, आपल्या मंडळींत हल्ली एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे वजन. आणि गंमत अशी की तो निघतो दुसऱ्यांदा भात वाढून घेताना! एक बाजू म्हणते, "काहीही खा, पण कॅलरी मोजून खा." दुसरी बाजू म्हणते, "मोजायची कटकट कशाला? फक्त क्लीन खा." क्लीन म्हणजे डबाबंद, पाकिटातलं, मैद्याचं, साखरेचं नको, घरचं, ताजं, साधं हवं. तरुण मंडळी तावातावाने बोलतात आणि आपण म्हातारी माणसं दोन्ही बाजूंना मान डोलावतो.

आमच्या घरी हा वाद वर्षभर एकाच टेबलावर चालला. टेबलाच्या एका टोकाला आमचे हे, मोजणारे. दुसऱ्या टोकाला आमच्यातली नर्स, निवडणारी. दोघंही सत्तरी ओलांडलेले, आणि दोघांनाही डॉक्टरांनी एकाच महिन्यात सांगितलेलं, "दहा-पंधरा पौंड कमी करा." कोण जिंकलं ते पुढे सांगतोच. पण मध्ये एक प्रसंग घडला. तो आपल्यापैकी कोणाच्याही घरी घडू शकतो, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

कॅलरीचा हिशेब आला कुठून?

कॅलरी मोजण्याचं वेड आजकालच्या फोनमधून आलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कनेटिकट राज्यातल्या मिडलटाऊन गावी वेस्लियन विद्यापीठ आहे. तिथे विल्बर ॲटवॉटर नावाचे प्राध्यापक होते. १८९० नंतरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खोली बांधली. एक माणूस कसाबसा राहील एवढीच ती होती. माणसाने आत काही दिवस राहायचं, तिथेच खायचं, झोपायचं, कधी सायकल चालवायची. त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते, श्वासाची हवा कशी बदलते, हे सगळं बाहेरून मोजायचं. खाल्लेलं अन्न आणि शरीराने खर्च केलेली शक्ती यांचा असा ताळा घालून त्यांनी जे आकडे बसवले ते आजही चालतात. एक ग्रॅम पिष्ट पदार्थ किंवा साखर म्हणजे ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रथिन म्हणजे ४ आणि एक ग्रॅम तेल-तूप म्हणजे ९. शेवटचा आकडा नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे आकडे सामान्य बायकांच्या स्वयंपाकघरात नेले लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी. बाई स्वतः एके काळी २२० पौंडांच्या होत्या. १९१८ साली त्यांनी वजन कमी करण्यावर एक पुस्तक लिहिलं, ते अमाप खपलं. पावाचा एक तुकडा असं म्हणू नका, शंभर कॅलरींचा पाव असं म्हणा, ही त्यांची शिकवण. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं अमेरिका हा हिशेब करते आहे.

पुढे सरकारने त्याला कायद्याची जोड दिली. १९९० साली कायदा झाला आणि १९९४ पासून जवळजवळ प्रत्येक पाकिटावर पोषणाचा तो काळा-पांढरा चौकोन दिसू लागला. २०१६ साली त्याचं रूप बदलायचं ठरलं. कॅलरीचा आकडा मोठा झाला आणि वरून घातलेली साखर वेगळी दाखवणं सक्तीचं झालं. ज्या उपाहारगृहांच्या वीस किंवा अधिक शाखा आहेत त्यांना २०१८ पासून पाटीवर कॅलरी लिहाव्या लागतात. इतका हिशेब डोळ्यांसमोर असतो, तरी देशाचं वजन वाढतंच राहिलं. का बरं?

मोजणाऱ्यांची कथा

आमचे हे सगळी नोकरी अकाउंट्समध्ये केलेले. नातीने फोनवर हिशेब ठेवायचं शिकवल्यावर त्यांना जणू पुन्हा ऑफिस मिळालं. दिवसाला १,२०० कॅलरी ठरवल्या आणि पैन् पै लिहायला लागले.

पहिला फायदा लगेच दिसला, आणि तो आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. आमच्या घरात तेल कधी मोजलंच नव्हतं. हातातली बाटली कढईवर वाकवायची, धार धरायची आणि "पुरे" वाटलं की थांबायचं. ह्यांनी ती धार चमच्यात धरायला लावली. चार मोठे चमचे निघाले. एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी, म्हणजे भाजी शिजायच्या आधीच कढईत जवळजवळ पाचशे! आता कळलं ना, ९ चा आकडा लक्षात ठेवा असं का म्हटलं? आपले पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. तेलाने आपल्याला पोसलं हे खरं, पण ते बैलामागे दिवसभर राबत होते. आपण सोफ्यावर बसून त्यांच्या मापाने तेल ओततो.

नारळाचंही तसंच. मटणाबरोबर दूध-दही-तूप चालत नाही, म्हणून आपल्या आया-आज्यांनी रश्श्याला नारळाचं दूध आपलंसं केलं. इथे डब्यातलं घट्ट नारळाचं दूध मिळतं, त्याच्या एका कपात चारशेहून जास्त कॅलरी असतात. फोनमध्ये मात्र "चिकन करी, एक कप" असा एकच आकडा. ती करी कोणाची? पाणीदार की आपल्यासारखी नारळाची? फोनला काय ठाऊक!

इथेच हिशेबाची पहिली भोकं दिसू लागली. पाकिटावरचा आकडाही तंतोतंत नसतो. खऱ्या कॅलरी लिहिलेल्यापेक्षा वीस टक्क्यांपर्यंत जास्त भरल्या तरी नियमात बसतं. उलट बदामाची गोष्ट पाहा. अमेरिकेच्या शेती खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली माणसांना बदाम खायला घालून तपासलं, तेव्हा मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम बदामांतून शरीराला सुमारे १३० कॅलरीच मिळतात असं निघालं. जुन्या हिशेबाने तो आकडा १७० च्या आसपास येत होता. बदाम अख्खे चावून खाल्ले की त्यातला काही स्निग्धांश शरीराला मिळतच नाही, तो तसाच बाहेर पडतो. थोडक्यात, आकडा खोटा नसतो, पण तो अंदाज असतो.

दुसरं भोक मोठं होतं. आकडा फक्त "किती" सांगतो, "काय" ते सांगत नाही. ह्यांचा हिशेब रोज १,२०० ला जुळायचा, पण जुळवायचा कसा? सकाळचं अंडं काढून टाकलं, दुपारची डाळ निम्मी केली, आणि वाचलेल्या कॅलरींत रात्री चार गोड बिस्किटं बसवली. "बेरीज बरोबर आहे की नाही?" असं आम्हालाच विचारायचे. बेरीज बरोबर होती. सहा आठवड्यांत नऊ पौंड उतरले. टाळ्या वाजल्या.

निवडणारीची फजिती

आता दुसऱ्या टोकाचं ऐका. आमच्यातल्या नर्सबाईंनी मोजणं तुच्छ मानलं. पांढरा भात गेला, ब्राऊन राइस आला. साखर गेली, गूळ आणि मध आला. वेफर्स गेले, बदाम-अक्रोड आले. साध्या तेलाऐवजी नारळाचं तेल आलं, कारण बाटलीवर मोठ्या अक्षरांत शुद्ध असं लिहिलं होतं. गोड खावंसं वाटलं की चार मोठे मेजूल खजूर.

तीन महिन्यांनी काट्यावर उभं राहिलो, तर चार पौंड वाढलेले!

नातीने न हसता (म्हणजे हसू दाबून) हिशेब करून दाखवला. एका मेजूल खजुरात सुमारे ६६ कॅलरी, चार झाले की अडीचशेच्या वर. एक मोठा चमचा मध ६४ कॅलरी, तर तेवढीच साखर पन्नासच्या आत. मध जड, म्हणून चमच्यात जास्त मावतो. गुळाला रंग आणि स्वाद आहे, पण शरीरात गेल्यावर तो साखरेचा सख्खा भाऊ. नारळाच्या तेलाच्याही चमच्यामागे १२० कॅलरीच, आणि त्यात कोलेस्टेरॉल वाढवणारी संपृक्त चरबी ८० टक्क्यांहून अधिक. काटा बिचारा शुद्ध-अशुद्ध काही विचारत नाही.

"क्लीन" हा शब्द पाकिटावर कोणीही छापू शकतो. त्याची सरकारने ठरवलेली व्याख्या नाही. आणि आपल्या लोकांची आणखी एक गफलत होते. कोशेरचा शिक्का पाहिला की आपण निर्धास्त होतो. तो शिक्का पदार्थ धर्मनियमात बसतो एवढंच सांगतो. वेफर्सच्या पुड्यावरही तो असतो आणि सोड्याच्या बाटलीवरही. पोटाला हलकं की जड, हे त्या शिक्क्याचं काम नव्हे.

त्या शनिवारी काय झालं

आता तो प्रसंग. ह्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी एक गोळी असते, सल्फोनिलयुरिया नावाच्या गटातली. ही गोळी शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही खाल्लंत की नाही हे ती बघत नाही.

शब्बाथची सकाळ होती. दुपारी सगळ्यांचं जेवण होतं, म्हणून ह्यांनी कॅलरी वाचवायला सकाळी काही खाल्लं नाही. गोळी मात्र नेमाने घेतली. आम्ही बायकांच्या बाजूला बसलेलो. प्रार्थना अर्ध्यावर आली तेव्हा नात धावत आली. "आजी, आजोबा काहीतरीच बोलताहेत." जाऊन पाहतो तर कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरताहेत, आणि नाव विचारलं तर उत्तर भलतंच. आजूबाजूचे म्हणाले, उकडतंय, दार उघडा. कोणी म्हणालं, झटका आला असेल.

खरं सांगायचं तर आमच्यातली नर्सही क्षणभर गोंधळली. इतकी वर्षं वॉर्डात काढली, शेकडो रोग्यांना हे दुखणं समजावून सांगितलं, आणि स्वतःच्या माणसाचा घाम पाहून बुद्धी चालेना. मग पर्समधलं यंत्र आठवलं. साखर निघाली ४८. सत्तरच्या खाली गेली की ती कमी समजतात.

किद्दूशसाठी द्राक्षाचा रस ठेवलेला होता. त्याचा अर्धा कप हळूहळू पाजला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ८४. मग पाव खायला दिला. माणूस हळूहळू माणसांत आला आणि म्हणाला, "रसाच्या कॅलरी लिहायच्या राहिल्या." सगळे हसले. आम्हाला मात्र रडू आलं.

शनिवारी यंत्र कसं वापरलं, असं कोणी मनात आणू नये. जीव वाचवण्यापुढे शब्बाथही बाजूला होतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

दोष कोणाचा? आमचाच. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं होतं, पण आम्ही खाणं इतकं तोडलंय हे त्यांना कळवलंच नव्हतं. सोमवारी फोन केला, तेव्हा त्यांनी ती गोळी बंद केली. म्हणून हात जोडून सांगतो: इन्शुलिन किंवा अशी गोळी घेणाऱ्याने खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, उपास धरण्याआधीही विचारावं. रक्तदाबाच्या गोळीचंही तसंच, वजन उतरलं की तीही जास्त होऊ शकते.

आणि घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, हे पाठ करावं: घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असला, तर अर्धा कप फळांचा रस किंवा साखरेचं पाणी द्यायचं. डाएट सोडा नको, त्यात साखर नसते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, कमीच असली तर पुन्हा द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ९११ ला फोन करायचा.

नऊ पौंड गेले, पण कशाचे?

त्या भानगडीनंतर आणखी एक गोष्ट लक्षात आली. हे खुर्चीतून उठताना हातांनी रेटा द्यायला लागले होते. नऊ पौंड गेले होते, पण त्यात चरबी किती आणि मांड्यांचं मांस किती? काट्याला तेही सांगता येत नाही.

खाणं नुसतं तोडलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तरुणपणी ते भरून येतात, आपल्या वयात सहज येत नाहीत. २०१७ साली एका मोठ्या वैद्यकीय मासिकात ६५ च्या पुढच्या १६० लठ्ठ माणसांवरचा अभ्यास छापून आला. त्यांचं खाणं कमी केलं आणि जोडीला कोणाला चालणं वगैरे, कोणाला वजनं उचलणं, तर कोणाला दोन्ही दिलं. हालचालीची क्षमता सगळ्यांत जास्त सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची. नुसतं चालणाऱ्यांचे स्नायू वजनं उचलणाऱ्यांपेक्षा जास्त घटले.

आणि मुद्दाम काही न करता सहा महिने-वर्षभरात वजन शंभराला पाच या हिशेबाने उतरलं, तर "बरं झालं, बारीक झालो" म्हणून पेढे वाटू नका. डॉक्टरांकडे जा.

शास्त्रज्ञांनी वाद कसा सोडवला

आता मूळ वादाकडे येऊ. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ माणसांना वर्षभर दोन गटांत ठेवलं. एका गटाने तेल-तूप कमी करायचं, दुसऱ्याने पाव-भात कमी करायचा. पण दोन्ही गटांना शिकवण एकच: भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा टाळा, शक्य तितकं घरी रांधलेलं खा. आणि कॅलरी मोजा असं कोणालाच सांगितलं नाही. २०१८ साली निकाल आला. एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. हा फरक धरण्यासारखा नव्हता. म्हणजे न मोजताही वजन उतरतं. का उतरलं? कारण निवडून खाल्ल्यावर त्यांच्या पोटात जाणाऱ्या कॅलरी आपोआप कमी झाल्या. पण सरासरीच्या आड आणखी एक गोष्ट होती. दोन्ही गटांत काहींचं वजन पुष्कळ उतरलं, तर काहींचं चक्क वाढलं. आमच्यातल्या नर्सचा नंबर त्यांत लागला असता!

दुसरा प्रयोग सरकारी आरोग्य संस्थेचा, मेरीलँडमधल्या बेथेस्डा गावचा. केव्हिन हॉल यांनी २० माणसांना चार आठवडे तिथेच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं, दोन आठवडे साध्या जिनसांचं रांधलेलं. दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच वाढलेले. हवं तेवढं खा, नको ते ठेवा. २०१९ साली निकाल छापला. तयार खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत सुमारे दोन पौंडांनी वाढली. रांधलेल्या खाण्यावर तितकीच उतरली. तयार खाणं ती भराभर खात होती, हेही दिसलं.

या दोन प्रयोगांतून आम्ही घेतलेला अर्थ असा. वजन ठरवते कॅलरीच, मोजणाऱ्यांचं बरोबर. पण किती कॅलरी पोटात जातील हे बरंचसं ठरतं काय खातो यावर, निवडणाऱ्यांचंही बरोबर. दोघंही अर्धी गोष्ट सांगत होते आणि वर्षभर भांडत होते.

लहानपणी घरी तांदूळ कसे शिजायचे ते आठवा. आई आधी सुपात तांदूळ घेऊन निवडायची. खडे, कोंडा, किडका दाणा बाहेर. मग मापट्याने मोजून आधणात घालायची. नुसते निवडले आणि मोजले नाहीत तर भात उरायचा. नुसते मोजले आणि निवडले नाहीत तर दातांखाली खडा यायचा. आधी निवडायचं, मग मापायचं. यात भांडण कुठलं?

आपला बांधा वेगळा

कोणी म्हणेल, आम्ही तर बारीकच आहोत, आम्हाला काय? त्यांनी पुण्याची गोष्ट ऐकावी. के. ई. एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे त्यांचे मित्र डॉ. यूडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' मासिकात दोघांचा एक फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, २२.३ हा आकडा दोघांचाही. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडचा माणूस दिसायला बारीक, आतून चरबीचा. म्हणूनच अमेरिकेच्या मधुमेह संघटनेने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेहाची तपासणी २५ ऐवजी २३ या आकड्यापासूनच करावी असं सुचवलं आहे.

काट्यापेक्षा आपल्याला शिंप्याची टेप जास्त खरं सांगते. आपल्या लोकांसाठी कंबरेची सुरक्षित हद्द पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३५ इंच, आणि बायकांना ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच धरतात. टेप बेंबीच्या जवळपास, श्वास सोडून. पोट आत ओढून नव्हे!

आमच्या टेबलावर आता काय चालतं

सगळं मोजत नाही. फक्त चार गोष्टी मोजतो: तेल, भात, गोड आणि सुका मेवा. तेलाच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहितो. एक लिटर तेलात सुमारे ८,००० कॅलरी असतात. आधी आमची बाटली तीन आठवड्यांत संपायची, आता सहा पुरते. दोन माणसांत रोजच्या डोईमागे शंभराच्या आसपास कॅलरी अशाच वाचल्या, आणि कोणाची भूक मारली गेली नाही.

बाकीचं निवडतो. निम्म्या ताटात भाजी आणि कोशिंबीर. चौथ्या हिश्श्यात प्रथिन: अंडं, पापलेट, चिकन, मूग किंवा वालाचं बिरडं. मोड आलेले वाल सोलायला वेळ लागतो, पण बसून गप्पा मारत सोलायलाच ते आहेत. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात भात किंवा भाकरी, यांतलं एकच. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनांबद्दल डॉक्टरांना विचारावं.

रश्श्यात नारळाचं दूध शब्बाथला आणि सणाला. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा होतोच, आणि त्या दिवशी कोणी हिशेब काढला तर त्याला वाढत नाही. सण वर्षातून मोजके असतात. वजन वाढवतात ते बाकीचे दिवस.

आणि रोज खुर्ची. हात छातीवर बांधून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. पंचाहत्तर ते एकोणऐंशी वयाच्या पुरुषाला ११ आणि बाईला १० पेक्षा कमी जमलं तर पडण्याचा धोका जास्त समजतात. शेजारी कोणीतरी उभं असू द्या आणि खुर्ची भिंतीला टेकवा.

बाळगोपाळांसाठी

बाळांनो, हा सगळा हिशेब आजी-आजोबांचा, तुमचा नव्हे. तुमची हाडं आणि उंची वाढते आहे, त्यांना खाऊ लागतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं आहे की मुलांनी डाएट करू नये, घरच्यांनी मुलांच्या वजनावर बोलू नये, चिडवू तर मुळीच नये. सगळ्यांनी एकत्र बसून जेवावं. तेव्हा आजी, मावशी, काकी यांनाही विनंती: "काय गं, जाड झालीस!" हा आपला जुना नमस्कार आता बंद करू या.

तुमच्यासाठी एक कोडं. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या फवाऱ्याचा डबा बघा. आत सगळं तेल, तरी वर लिहिलंय शून्य कॅलरी. कसं? उत्तर: एक वाढप म्हणजे पाव सेकंदाचा फवारा धरलेला असतो, आणि वाढपात पाचपेक्षा कमी कॅलरी असल्या की शून्य लिहायला परवानगी आहे. म्हणून पाकीट वाचताना आधी वाढप केवढं ते वाचायचं, मग आकडा. हे आजोबांना शिकवा, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही.

कोण जिंकलं?

वर्ष झालं. ह्यांचं आधीचे नऊ धरून अकरा पौंड उतरलं, नर्सबाईंचं वाढलेले चार वजा जाऊन सात. जाहिरातीत छापावं असं काही नाही. पण ह्यांना आधी तीस सेकंदांत खुर्चीतून सात वेळा उठता येत होतं, आता बारा वेळा येतं. मागच्या शब्बाथला प्रार्थनेत उभं राहायची वेळ आली तेव्हा हात न टेकता उठले आणि बायकांच्या बाजूकडे वळून पाहिलं. पर्समध्ये यंत्र होतं, किद्दूशचा रसही जवळच होता. दोन्हींची गरज पडली नाही.

ज्यांच्या घरी मधुमेहाची गोळी आहे आणि वजन उतरवायचा बेत चालला आहे, त्यांनी हे पान खाली ठेवल्यावर पहिलं काम एकच करावं: डॉक्टरांना फोन. तेल मोजणं उद्यापासून चालेल.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम!